सुदृढ बालिकेचा चषक परत घेण्याबाबत

प्रति,
मा. बाल आरोग्य अधिकारी,
विभागीय बाल आरोग्य कार्यालय,
चौथा मजला (लिफ्ट बंद).

विषय : सुदृढ बालिकेचा चषक परत घेऊन बालिकेस तपासणीची चिठ्ठी देण्याबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. २) त्यांवर आपण बाळगलेले मौन.

महोदय,

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, सदर अर्जदार ही न्यायालयात लघुलेखिका असून, समोरचा जे बोलेल ते जसेच्या तसे उतरवून घेणे हा तिचा पोटापाण्याचा धंदा आहे. सबब खाली जी वाक्ये आपल्या तोंडची म्हणून दिली आहेत, ती आपल्याच तोंडची आहेत. वाचून लाज वाटल्यास अर्जदार जबाबदार राहणार नाही.

१. अर्जदाराची मुलगी, जिला घरात चिमणी म्हणतात, ती दिवस पूर्ण भरूनही जन्मतः जेमतेम पावणेदोन किलोची होती. तिला हातात घ्यायची तिच्या बापाची छाती होईना. घरच्यांनी जिवाचे रान केले आणि आपल्या कार्यालयाचे सांगणे तंतोतंत पाळले. सांगणे एकच होते : "भरवा, अजून भरवा." दोन वर्षांची होईतो गालांमुळे तिचे डोळे दिसेनासे झाले. तेव्हा आपण तिला सुदृढ बालिकेचा चषक दिलात, कडेवर घेऊन फोटो काढवलात आणि तो बाहेर बाकामागच्या भिंतीवर टांगलात.

२. चिमणी आता सात वर्षांची आहे. तिचे पोट सुटले आहे, मानेभोवती काळा पट्टा उमटला आहे, काखेत केस आले आहेत आणि घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो. अर्जदार तिला घेऊन आली असता आपण खुर्चीतून न उठता फर्मावलेत, "मळ आहे हो तो. मान घासत जा जरा." हे चिमणीने ऐकले. दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघराचे दार लावून टाच घासायच्या दगडाने मान घासत बसली. दार उघडले तेव्हा मानेतून रक्त येत होते आणि ती म्हणत होती, "आई, निघतच नाहीये गं." त्या क्षणी अर्जदाराच्या मनातला आपल्याविषयीचा आदर जो आटला तो आटलाच. या अर्जात जो दिसतो, तो नमुन्यापुरता आहे.

३. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी मान नीट बघितली, रक्त तपासून घेतले आणि समजावून सांगितले. पोटात असताना ज्या बाळाला पुरेसे मिळत नाही, त्याचे शरीर काटकसर शिकते. जन्मल्यावर त्याच शरीरावर अन्नाचा भडिमार झाला, तर काही मुलांत ते चरबी साठवत सुटते. साखर आवरायला इन्शुलिन जास्तच लागू लागते, आणि मानेचा काळेपणा ही त्याची खूण असते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही वयाआधी जाग्या होतात, म्हणून ते केस आणि तो वास. सगळ्याच मुलांचे असे होत नाही. हिचे होते आहे. पाळी लवकर आली तर उंची खुंटेल, आणि पुढे मधुमेहाची भीती आहे. मोठ्या रुग्णालयाच्या हार्मोन विभागात लगेच दाखवा, असे त्या म्हणाल्या. तो विभाग मात्र आपल्या चिठ्ठीशिवाय दारात उभे करत नाही.

४. चिठ्ठी मागितली असता आपण म्हणालात, शब्दशः : "अहो बाई, हिचा फोटो बाहेर भिंतीवर आहे. उद्या वरून साहेब आले आणि म्हणाले, बक्षीस दिलेली पोर आजारी कशी, तर मी काय सांगू? खात्यापित्या घरची आहे, एवढंच." साहेब आजवर आलेले नाहीत. अर्जदाराच्या अल्पमतीप्रमाणे ते येणारही नाहीत, कारण लिफ्ट बंद आहे.

तिकडे शाळेत आपलाच दुसरा हुकूम चालू आहे : जन्मतः वजन कमी, म्हणून चिमणीला रोज दुप्पट जेवण. शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंना विनवले, तर त्या म्हणाल्या, "ताई, मला दिसतंय हो सगळं. पण नाही वाढलं तर माझी नोकरी जाईल." म्हणजे एकच मुलगी आपल्या लेखी जेवताना अशक्त आणि चिठ्ठी मागताना सुदृढ. एवढी अक्कल एकाच डोक्यात मावते, याचे अर्जदारास नवल वाटते.

५. सबब विनंती की, सोबतचा चषक परत घ्यावा. फोटो उतरवावा व रिकाम्या खिळ्यावर आपला स्वतःचा टांगावा. आपली प्रकृती उत्तम आहे. दुप्पट वाढणे आजपासून थांबवावे. बक्षीसच रद्द झाल्यावर साहेबांना काय सांगू हा प्रश्न उरणार नाही, तेव्हा चिठ्ठी लिहावी. ती मिळेपर्यंत अर्जदार रोज न्यायालय सुटल्यावर येऊन आपल्या दारासमोर बसेल आणि आपण जे बोलाल ते उतरवून घेईल.

६. गेल्या खेपेस आपण आत चहा घेत होतात, तेव्हा चिमणी त्या फोटोखाली बसली होती. बराच वेळ वर बघून तिने विचारले, "आई, ही चांगली होती ना? मग मी कशी बिघडले?" अर्जदाराने तो प्रश्न जसाच्या तसा उतरवून घेतला. या प्रश्नाचे उत्तर देणे आपल्याकडे लागते. ते चिमणीच्या नावे, मोठ्या अक्षरांत पाठवावे. तिला आता वाचता येते.

दिनांक : आपण पाकीट उघडाल तो.

आपली (या कागदापुरती) नम्र,
चिमणीची आई

सोबत :
१) चषक.
२) रक्ततपासणीचे कागद.
३) टाच घासायचा दगड. घरात ठेवायची सोय राहिली नाही.