कुलूप एकदाच

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात मटण सोडणार होतो. फादर म्हणाले, "मटण तुला आवडतच नाही. जड जाईल असं काही सोड." मी म्हटलं, साखर? तर म्हणाले, "मास्टरांचं दुकान बंद करताना कुलूप किती वेळा ओढून बघतोस?" ताईनेच सांगितलं असणार. चोंबडी!

ठरलं. ईस्टरपर्यंत कुलूप एकदाच ओढायचं. मागे वळायचं नाही. माळ्यावर "कोणी आहे का?" असं ओरडत फिरायचं नाही. पुढचं देवाकडे.

शटरची कडी ढिली आहे, हे देवाला माहीत असेल ना?

२० फेब्रुवारी

कोपऱ्यावर पाय अडखळले. ताई — "सासरी निघाल्यासारखा मागे काय बघतोस? चल!"

३ मार्च

फादरांचा झगा अजून खुंटीवर, बाह्यांविना. टेलर मास्टरांना आठवण करून दिली. "त्यांच्या देवाला घाई असेल तर त्याने शिवावा. तुझी काकू आजारी होती तेव्हा त्याला कुठे घाई होती?" काकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून मास्टर चर्चची पायरी चढलेले नाहीत.

वर मलाच — "कुलुपात गफलत झाली तर घरी बसवीन!"

११ मार्च

आज मोहाची कमाल! कुलूप लावलं, एकदा ओढलं, निघालो. तर शटर धडधडायला लागलं. ओळखलं तुला, सैताना! मग चक्क हाक — मास्टरांच्या आवाजात, मास्टरांच्या शिव्यांसकट! तयारी दांडगी. कानात बोटं घातली, प्रार्थना म्हणत घर गाठलं. मागे वळलो नाही!

ताईसुद्धा म्हणाली, "शाब्बास."

१२ मार्च

मास्टरच होते.

माळ्यावर कापडाच्या ताग्यांत डुलकी लागलेली. फोन घरी राहिलेला. घरी वाट बघणारं कोणी नाही. सकाळी शटर उघडलं तर मशीनसमोर बसलेले, डोळे लाल. मी पायच धरले.

"गाढवा, हाक ऐकू आली नाही?"

"आली. मला वाटलं, सैतान."

 मास्टर असे हसले की ठसका लागला! काकू गेल्यावर पहिल्यांदाच. नोकरी राहिली की गेली, विचारायचा धीर झाला नाही.

खुंटी रिकामी होती. झगा टेबलावर, घडी घातलेला. दोन्ही बाह्यांसकट.

"पोचवून ये," एवढंच म्हणाले.

१५ मार्च, रविवार

चर्चच्या दारात मास्टर! "झगा अंगावर नीट बसतोय का, तेवढं बघून जातो."

मिस्सा संपली, लोक पांगले. मास्टर अजून गुडघ्यांवरच.