डाव्या हाताचा मोजा

मंगळवार, २२ ऑगस्ट १९७८, लाखनी

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आज आलं. लढाईत मी विमानातून रसदीची पोती खाली टाकत होतो. त्याचा बिल्ला आणि पदक माझ्या नोंदीत चढवा, एवढंच मागितलं होतं. तेही तिसऱ्यांदा. साहेब लिहितात, आपण विमानात गेल्याची नोंद नाही. सोबत रेकॉर्डची नक्कल. तिच्यात मात्र एक ओळ आहे: उड्डाणात डाव्या हाताचा चामडी मोजा हरवला, सक्त ताकीद.

विमानात गेलोच नाही, तर मोजा काय धानाच्या बांधीत हरवला? उघड्या दारातून वाऱ्यानं ओढून नेला तो. मागोमाग मीही जात होतो, कमरेला दोर होता म्हणून वाचलो. ते कोणी लिहिलं नाही.

उजव्या हाताचा मोजा घरी आहे. बायको त्यानंच चुलीवरून भाताचा गंज उतरवते. आजही उतरवत होती. मी म्हटलं, चौथ्या अर्जाला ही ताकीदच पुरावा म्हणून जोडतो.

ती म्हणाली, "जोडा. मंग थे ताकीदच खोडतीन. पदक काई देत नाई."

मोजा तिनं परत खिळ्याला लावला. अर्ज तसाच पडला आहे. ती एक ओळ खोडली, तर मी त्या विमानात कधी नव्हतोच.