नांगरलेल्या टेकडीचं चित्र

प्रिय अहो,

तुम्ही स्टुलावर उभे होता, तोंडात खिळे, आणि मी खालून सांगत होते, "डावीकडे, अजून थोडं." लग्नाला महिनाही झाला नव्हता. "हे कुठलं रान हाय?" तुम्ही विचारलंत.

"इटलीचं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरच्या भावानं काढलंय. मायदेशी जाताना त्यांनी मला दिलं."

तुम्ही उतरलात, मागे सरकून पाहिलंत. "ह्यात वारं लई हाय. मानसाला झोप कशी लागंल?"

किती हसले होते मी! आज तेच चित्र भिंतीवरून उतरवून पलंगावर ठेवलंय. तुम्ही गेलात, आता सोमवारी टेम्पो येणार, अंबाजोगाईचं हे घर रिकामं होणार. सामानाबरोबर मीही पुण्याला, आपल्या मीराकडे. लेक म्हणते, "आई, चित्र सोफ्याच्या रंगाला अगदी शोभेल." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. म्हणून लिहितेय.

तुम्ही ते कधी जवळून पाहिलंत का हो? टेकडीवरची नांगरट त्यानं जाड रंगानं ओढलीय, बोट फिरवलं तर नांगराची तासं हाताला लागतात. झाडांची रांग चार फटकाऱ्यांत उरकलीय. आणि आभाळ! रुंद ब्रशानं, घाईघाईनं, जणू मागून कुणी हाका मारतंय. एका कोपऱ्यात रंग पोचलाच नाही, कापड दिसतंय. शाळेत मला हे सगळं शांत, सोनेरी वाटायचं. त्या ब्रशानं कुठेच दम खाल्लेला नाही, हे आता दिसतं.

तुम्ही दूध संस्थेचे सचिव. एका दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, आणि सभासद रोज आपल्या पुढच्या खोलीत येऊन बसायचे. तुम्ही चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलंत. मी सरळ करायची, तुम्ही पुन्हा फिरवायचात. "माझं काहीच आवडत नाही तुम्हाला!" मी चिडले. तुम्ही चपला घालत म्हणालात, "त्यांच्या डोळ्यापुढं वाळलेलं रान कशाला?"

तेव्हा पटलं होतं. आज नाही पटत!

आज सकाळी नेकनूरच्या महिला दूध संस्थेची सुमन आली, बरोबर आणखी दोघी, मला निरोप द्यायला. यंदाही तिकडे टँकर सुरू झालेत. सुमननं पदराला हात पुसून चित्र उचललं, आणि मी ते परत घ्यायला पुढे झाले.

"बाई, नांगरट बगा की! पेरायचंच राह्यलंय. कुनाचं हाय?"

"मालक कुटं गेलाय पन?" दुसरी म्हणाली.

"आभाळ बगत बसला आसंल, आपल्यावानी," तिसरी म्हणाली. तिघी खदखदून हसल्या.

अहो, ज्यांच्यापासून लपवलंत, त्यांना एकदा विचारायचं तरी!

जाताना सुमन म्हणाली, "तुमी बी चालला. आता सायबासंगं विंग्रजीत भांडनार कोन?" दुधाच्या दरासाठी डेअरीच्या साहेबांकडे त्यांच्या वतीनं मीच जाते ना! दुपारभर रिकाम्या खोल्यांतून फिरले.

आता ठरवलंय. सागवानी कपाट आणि शिलाई मशीन मीराला. भिंतीसाठी ती दुसरं काही आणेल. तुमचा लोकरी कोट जीपवाल्या रहीमभाईंना. रेडिओ तुमच्या धाकट्या भावाला, ते मागायला लाजतात. चित्र नेकनूरला, दूध मोजतात त्या खोलीत, बायका रांगेत उभ्या राहतात तिथे समोर. मी स्वतः नेऊन लावीन, वचन देते.

आणि स्वतःला मात्र यंदा कुणालाच देऊन टाकायचं नाही. मी इथेच राहतेय.

तुमचीच,
कुमुद