ताईंचा पिस्ता रंग

रविवार संध्याकाळ, निर्मळ

जांभळी साडी अजून अंगावरच आहे, पण आधी हे लिहून टाकते.

सोळा वर्षं दर दिवाळीला नणंदेने मला पिस्ता रंगाची साडी दिली. वर तेच वाक्य, "तू सावळी गं, तुला फिकटच शोभतं." आणि मी ते खरं मानत राहिले. मागच्या महिन्यात दुकानात ही जांभळी खांद्यावर टाकली, तेव्हा आरशासमोरून हलवेना. इतकी वर्षं मी कोणाचं ऐकत होते?

आज चंदनसारला तिच्या मोठ्या मुलाचं लग्न. माहेरचा आहेर आमच्याकडून, म्हणजे साडी मी निवडलेली, आणि ती मांडवात नेसावीच लागते. मी पिस्ता रंगाची दिली.

तिचा चेहरा पडला. "हा रंग कशाला आणलास?"

"ताई, तुम्हाला फिकटच शोभतं." सगळ्यांसमोर म्हणाले. किती दिवस घोकत होते.

पण मेलीला ती साडी खरंच शोभली. बायका येऊन माझ्याच निवडीचं कौतुक करत होत्या.

असो. तिच्या धाकट्याचं लग्न अजून व्हायचंय. तेव्हा भडक नारिंगी नेईन.