छातीवरची चकती

पिंपळखुटी, ता. काटोल
४ फेब्रुवारी १९८७

चि. चारुशीला हीस आईचा जयभीम आणि आशीर्वाद.

परवा तुझ्या दवाखान्यात नात पाहून आले तेव्हापासून घास उतरत नाही. सून बाळंतीण, म्हणून तिच्यासमोर विषय काढला नाही. पण माझे डोळे काही फुटले नाहीत. पोरीच्या छातीवर, पोटावर गोल गोल लाल डाग आहेत. सातव्या महिन्यात जन्मलेला जीव, श्वासाच्या यंत्रावर ठेवलेला, आणि त्याला डागता? तुझा भाऊ अनंत तान्हा असताना पोट फुगले म्हणून तुझ्या आजीने त्याला डागायला विळा तापवला होता, तो मी हिसकून विहिरीत टाकला. घरात किती दिवस माझ्याशी कोणी बोलले नाही. धम्म घेतला तो यातून सुटायलाच ना? आणि माझी लेक नर्स होऊन हेच शिकली काय वं? अनंतला सांगितले आहे, रविवारी पोरीला घरी आणायचे. तू आडवी येऊ नकोस.

राग आहे, माया आटलेली नाही.
तुझी आई


नागपूर
६ फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप आईस चारुशीलाचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आले. आई, हात जोडते, रविवारी तिला हलवू नका. श्वासाची नळी काढली तर ती दवाखान्याच्या फाटकापर्यंतही पोचायची नाही.

ते डाग डागल्याचे नाहीत. आमच्याकडे नवे यंत्र आले आहे. त्याची बटणाएवढी चकती कातडीला चिकटवतो. ती जराशी गरम असते. त्या उबेने रक्तातला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपण श्वासातून बाहेर टाकतो ती हवा, कातडीतून झिरपतो आणि तो किती साचला याचा आकडा दिसतो. पूर्वी त्यासाठी सारखी सुई टोचावी लागे, आणि हिच्या अंगात रक्त कपभरही नाही. चकती एका जागी राहिली तर भाजेल, म्हणून मी जागा बदलत असते. लाली आपोआप जाते.

काल दुपारी पोरगी शांत झोपली होती, रंगही चांगला होता, पण आकडा चढत चालला. मी डॉक्टरांना बोलावले. नळी कफाने अर्धी बुजली होती. साफ केली तसा आकडा उतरला. डॉक्टर म्हणाले, नुसते तोंडाकडे बघत बसलो असतो तर फार उशीर झाला असता.

डाग पाहून गप्प न बसणारी आजी तिला मिळाली, याचा मला अभिमानच आहे. एकदा ये, तुझ्या मनगटावर चकती लावून दाखवते.

बाबांना जयभीम. रागावलीस तरी अशीच जवळ धर.
तुझी चारुशीला


पिंपळखुटी
२ मार्च १९८७

चि. चारुशीला हीस जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

अनंतचे पत्र आले. नात यंत्रावरून उतरली, आपला श्वास आपण घेते! मी गावभर सांगत सुटले आहे. तुझे बाबा म्हणतात, आता पुरे कर वं, मले पाठ झालं. म्हणू देत. माझ्या मनगटावरचा तुझ्या चकतीचा डाग दुसऱ्याच दिवशी गेला, तेव्हा मला वाईट वाटले. दाखवायला काही उरलेच नाही! लेकीचा एवढा गर्व बरा नव्हे म्हणतात, पण मला आहे.

इथवर काल लिहिले होते. आता घाईत लिहिते. हे पत्र तुझ्या हातात देणारी ती आपल्या शेजारच्या लहानूची सून. तिचा तान्हा सकाळपासून श्वास ओढून राहिला आहे. घरची माणसे त्याला डागायलाच निघाली होती. आज मी भांडले नाही, काही हिसकले नाही. एवढेच म्हटले की नागपूरले माझी लेक आहे, आणि आता दोघांना एस.टी.त बसवून देते आहे. बाकीचे नंतर वाच. आधी पोराला हातात घे.

आई