सरडा परत मिळणार नाही

विटा,
कोजागिरीचा दुसरा दिवस

श्री. सर्जेराव पाव्हणे, मुक्काम सातारा, यांना विट्याहून लालासाहेबाचा हात जोडून रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून प्रत्येक पायरीला देवाचं नाव घ्यावं लागतं, की आता एकाआड एक पायरीला भागतं? विहीणबाईंचा चातुर्मास निर्विघ्न चालला असेलच. त्यांच्या भक्तीपुढं मी इथूनच वाकतो (तिथं येऊन वाकलो तर सरळ कोण करणार, हा प्रश्न आहे). जावईबापूंना आशीर्वाद. आमची संयोगिता, म्हणजे तुमची सूनबाई, पाचव्या महिन्यात आहे, तेव्हा तिला तुम्ही जपतच असाल, ते मी वेगळं लिहायला नको. आमच्याकडं सगळे खुशाल. ज्याच्यासाठी तुमचे फोनवर फोन चाललेत, तोही खुशाल.

तर मुद्दा असा. रविवारी जावईबापूंकडं शिरवळच्या कारखान्यातले साहेब जेवायला येणार, त्यांना दिवाणखान्यात रंग बदलणारा सरडा दाखवायचा, सबब शनिवारपर्यंत तो साताऱ्याला पोचता करावा, असा तुमचा निरोप. पाव्हणं, तुमचा मान मोठा आहे, पण सरडा मिळणार नाही. हेच मी फोनवर सांगितलं, तर तुम्ही "आवाज येत नाही, आवाज येत नाही" म्हणून फोन ठेवलात. मला मात्र तुमच्या मागं कुकरची शिट्टी होत होती तीसुद्धा ऐकू येत होती. माझे कान लहानपणापासून तिखट आहेत. सोळाव्या वर्षी कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, भट्टीपुढं बसलो, तिथं मुशीतलं सोनं कधी वितळलं हे धुरातून दिसायचं नाही, ऐकावं लागायचं. त्या कानांवर दुकान काढलं, घर बांधलं, पोरगी शिकवली. तेव्हा कान हा विषय माझ्यापुढं काढू नये.

गौरी-गणपतीला मी तुमच्याकडं आलो, तेव्हा तो काचेच्या पेटीत कसा होता, ते आठवतं का? मला आठवतं. जावईबापूंनी पुण्यातून रीतसर पावती करून आणलेला, येमेन देशचा, नाव काय तर 'सरकार'. आणला तेव्हा येणारा-जाणारा आधी त्याला बघायचा, मग चहा घ्यायचा. पुढं भिंतीवर मोठा टीव्ही आला आणि सरकारची गादी गेली. पेटीतला उबेचा दिवा उडाला होता, तिथं तुम्ही गणपतीची लुकलुकणारी माळ सोडली होती. सरकार कोळशासारखा काळा, डोळे आत गेलेले, फांदी धरायचीसुद्धा ताकद नाही. मी विचारलं, हा खातो काय? तर विहीणबाईंनी अभिमानानं सांगितलं की या घरात चातुर्मासात जिवंत काही कुणाच्या पोटात जात नाही, आषाढीपासून किडे बंद केलेत, आता तो साबुदाणा आणि राजगिऱ्याच्या लाडवावर आहे. पाव्हणं, आपल्याकडं श्रावण माणसं पाळतात, बैलाला पोळ्याला पुरण मिळतं, इथपर्यंत मी ऐकून होतो. सरड्याकडून चातुर्मास करून घेणारं घर पहिलंच. आणि पाणी कशात, तर चांदीच्या वाटीत! (हा प्राणी पानावरचे थेंब चाटतो, वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही, हे मला नंतर कळलं. म्हणजे तो चांदीच्या वाटीसमोर तहानेनं मरत होता. अशी माणसंही मी बघितली आहेत, पण ते राहू दे.) मी म्हटलं, नेऊ का? तुम्ही म्हणालात, "न्या की, घरात मेलं तर सुतक कुणी धरायचं?" हे वाक्य मी जपून ठेवलंय. आज तेच माझं मालकीहक्काचं कागदपत्र समजा.

विट्यात आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बघून मलाच विचारलं, "ह्याला इंजेक्शन कुठं देत्यात?" माणूस सरळ. त्यांनी सांगलीच्या एका डॉक्टर दोस्ताला फोन लावला आणि कागदावर उपचार उतरवून घेतले: सकाळचं ऊन, पानांवर पाणी, चुन्याच्या गोळीची पूड आणि जिवंत किडे. मग गच्चीवर जास्वंदीची कुंडी, तिच्यावर सरकार, आणि शेजारी मी, हातात आमच्या सौ. विजयमालाचा इस्त्रीचा फवारा. पहिल्या दिवशी त्यानं थेंब चाटला तेव्हा विजयमाला खालून ओरडली, "आवं, नातू झाल्यागत काय नाचताय?"

किड्यांचं प्रकरण मात्र अंगाशी आलं. ओढ्याकडंच्या आमच्या लसूणघासात नाकतोडे लय. ते धरायचे तर गुडघ्यावर रांगावं लागतं. गलाईवाला माणूस सकाळी सकाळी घासात रांगतोय आणि मुठीत काहीतरी धरून रुमालात बांधतोय, हे विट्यात दिसलं तर लोक काय समजणार? शेजारच्या साळूबाईनं बांधावरून हाक मारली, "तात्या, काय पडलं व्हय?" मी खरं ते सांगितलं, की नाकतोडे धरतोय. इथंच चुकलं. साखळी पडली म्हटलं असतं तर एकटी साळूबाई आली असती. नाकतोडे म्हटल्यावर सगळ्यांची खात्री पटली की सोन्याचं बिस्किट पडलंय. दुपारपर्यंत निम्मी आळी माझ्या घासात. आपल्या गावात गलाईच्या दुकानातला केरसुद्धा सोन्याच्या कणासाठी विकत घेतात, तेव्हा साळूबाईनं सूप आणून माती पाखडायला घेतली, यात तिचा दोष नाही. मी आडवा गेलो नाही. उलट म्हटलं, सोनं सापडलं तर तुमचं, नाकतोडे सापडले तर माझे. त्या दिवशी सरकारला पोटभर मिळालं. घासाचं वाटोळं झालं, पण नांगरट फुकटात झाली.

मग तो सुधारला. काळ्याचा मातकट, मातकटाचा हिरवा, आणि एक दिवस अंगावर पिवळे पट्टे. जीभ अशी मारायचा, की नाकतोड्याला आपण मेलो हे कळायला उशीर व्हायचा. आणि ऐन नवरात्रात पुन्हा खाणं बंद! मला वाटलं, साताऱ्याची सवय जात नाही, घट बसले तसा हा उपासाला बसला. पण माझ्या कानावर एक आवाज यायला लागला, कुंडीतल्या मातीवर नखांची खरखर, थांबून थांबून. हा आवाज मी आईच्या कोंबड्यांच्या डालग्यातून ऐकलेला. विजयमालाला बोलावलं. तिनं पोटावरून बोट फिरवलं, तर आत हरभऱ्यासारखं टणक. ती म्हणाली, "आवं, सरकार कसला, ही बाई हाय. आणि अवघडलीय." बादलीत ओली वाळू भरून दिली. बाईसाहेब त्यात शेपटीपर्यंत शिरल्या आणि पांढरी शुभ्र अंडी घालून, वर माती सारून, बाहेर आल्या. (नर नसताना कशी, असं तुम्ही विचाराल. कोंबडी घालते तशीच. पिल्लं होणार नाहीत. पण सांगलीचे डॉक्टर म्हणाले, वाळू मिळाली नसती तर अंडी पोटात राहून ती गेली असती. तुमच्या पेटीत खाली काय होतं? गालिचा.) विजयमालानं ओटी भरली. नारळाखाली सरडी चेंगरेल म्हणून सुपारीवर भागवलं.

लोक सरड्याला नावं ठेवतात, की रंग बदलतो. मी उभी हयात रंग बघून सोनं पारखलं, तेव्हा माझं ऐका. तिच्या पोटात जे असतं ते ती कातडीवर दाखवते. दुखलं तर काळी, सुखावली तर हिरवी. लपवायचं तिला येत नाही. खोटेपणा तो नव्हे, तो आपल्याला येतो. तर बाळंतीण झालेली लेक, ज्या घरानं तिला उपाशी ठेवलं त्या घरी, साहेबांना दाखवायला म्हणून मी पाठवणार नाही. तुम्ही जावईबापूंना पाठवा, वकील पाठवा, स्वतः या. जेवून जा. सरडी मिळणार नाही.

राग नसावा. असला तरी चालेल.

तुमचा व्याही,
लालासाहेब

ता. क. – साहेबांचा हिरमोड होत असेल तर त्यांना टीव्ही दाखवा. तोही रंग बदलतो आणि त्याला उपास चालतात.

ता. क. दुसरा – वर लिहिलं ते खरंच आहे, पण सरडी मी रविवारी स्वतः घेऊन येतो. साहेबांसमोर हवी तितकी बसवा, मी शेजारी उभा राहीन. त्याच्या बदल्यात एक पाहिजे. संयोगिता मला रोज फोनवर सांगते, "बाबा, मी बरी आहे." परवा तिनं फोन खाली ठेवला, पण बंद करायचा राहिला. विहीणबाई तिला म्हणत होत्या, डॉक्टरांनी अंडी सांगितली असतील, पण एवढी कार्तिकी होऊ दे, मग खा. आणि पोरगी "हो आई" म्हणाली. जिना चढताना तिला धाप लागते, तीही मी ऐकली. तिनं काही सांगितलेलं नाही, तिला बोल लावू नका. तिच्या कातडीवर काही उमटत नाही, कारण लहानपणापासून आम्हीच तिला शिकवलं की सासरी बरी आहे म्हणायचं.

तेव्हा साहेब जेवून उठले की मी दोघींना गाडीत घालून विट्याला आणणार आहे. लेक सातव्या महिन्याआधी माहेरी आणत नाहीत, ही रीत मलाही माहीत आहे. मी ती मोडतोय. कुणी विचारलं तर खुशाल सांगा, विट्याचा व्याही लय आडमुठा आहे.