मोगऱ्याचा सध्याचा पत्ता

काशान, इस्फंद महिन्याची दहा तारीख

आदरणीय खालाजान,

तुमच्या दोन्ही हातांचं चुंबन. तुमची सावली आमच्या डोक्यावरून कधी कमी न होवो. तुमचा गुडघा कसा आहे? बुशेहरची दमट हवा त्याला मानवते का? ताईचं बाळ आता मान धरू लागलं असेल. (त्याचं नाव तुम्ही मागच्या पत्रात दोन प्रकारे लिहिलं होतं. दाखल्यावर एकच लिहा, पुढे त्रास होतो.) मी ठीक आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

काळजीचं काही कारण नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. तुम्ही सोपवलेल्या चोवीसच्या चोवीस कुंड्या जिवंत आहेत. त्यांतली एक सध्या दुसऱ्या पत्त्यावर आहे, एवढंच.

जिरेनियमच्या अकरा कुंड्या तळघरातल्या झरोक्याखाली आहेत. वीतभर ठेवून बाकी छाटल्या, पाणी दहा दिवसांतून एकदा, तेही घोटभर. परवा ऊन पडलं तेव्हा सगळी गल्ली आपापल्या कुंड्या अंगणात मांडून बसली, पण मी हललो नाही. हिवाळ्याचा तो शेवटचा तडाखा, म्हातारीची थंडी, अजून यायची आहे, आणि ती जाईपर्यंत कुंडी बाहेर काढायची नाही, हे तुमचं वाक्य मी तळघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलंय. सायक्लामेनला पाणी वरून घालत नाही, खालच्या बशीत घालतो. गुलाबाची वाळकी काडी काढली. नवरोजसाठी हायसिंथचे कांदे अंधारातून उजेडात आणले. प्रत्येक कुंडीवर नावाची चिठ्ठी आहे. तुमच्या यादीत शुद्धलेखनाच्या चौदा चुका होत्या, त्या चिठ्ठ्यांवर नाहीत.

आता मोगरा. तो अमूंनी, देव त्यांना शांती देवो, तुम्हा दोघांच्या लग्नाच्या वर्षी तुमच्यासाठी बुशेहरहून मांडीवर घेऊन आणला, हे मला ठाऊक आहे. बाकी तेवीस मेल्या तरी चालतील पण हा नाही, असं तुम्ही बसच्या पायरीवरून ओरडून सांगितलंत, तेही लक्षात आहे. (ड्रायव्हरच्यासुद्धा लक्षात आहे. भेटला की विचारतो.) म्हणून मोगऱ्याच्या बाबतीत मी स्वतःचं डोकं मुळीच चालवलं नाही. यादीत तुमच्या हाताने स्पष्ट लिहिलं होतं : ‘मोगरा – दर शुक्रवारी शीर, सावकाश, मुळं भिजेपर्यंत.’ यादीतला हाच काय तो बिनचूक लिहिलेला शब्द. शीन, ये, रे, तिन्ही अक्षरं जागच्या जागी. मी तो तीनदा वाचला, शीर म्हणजे दूध अशी खात्री केली आणि दूध आणायला गेलो.

अर्धा लिटर, साईसकट. दुकानदार मश रजब दर शुक्रवारी विचारायचा, ‘‘आगा कामबीज, लग्नाआधीच बाळ?’’ मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. थंडीत गार पाणी मुळांना झोंबतं, हेही तुमचंच वाक्य, म्हणून मी दूध उकळून, कोमट करून घालत होतो. तिसऱ्या शुक्रवारी पानं पिवळी पडली. मला वाटलं, भूक वाढली असेल. मी लिटरभर केलं. पाचव्या शुक्रवारी खोलीच्या खिडकीबाहेर सात मांजरं ओळीने बसली होती आणि सहाव्या शुक्रवारी शेजारच्या तूबा खानम आल्या. सोबत त्यांची मुलगी मोनीरे, जी शहराबाहेरच्या रोपवाटिकेत कामाला आहे.

तूबा खानमनी नाकाला पदर लावला होता, पण आल्या आल्या रीत म्हणून मोगऱ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘वा! केवढा देखणा मोगरा! दृष्ट न लागो.’’ (त्यावर तेव्हा चार पानं होती.) मीही रीत सोडली नाही. म्हटलं, ‘‘पेशकश, तुमचाच आहे.’’ खालाजान, हे आपण सगळेच म्हणतो. माझ्या सदऱ्याची कुणी तारीफ केली तरी मी हेच म्हणतो, आजवर कुणी सदरा उतरवून नेला नाही. त्या म्हणाल्या, ‘‘छे छे, तो तुमच्याकडेच शोभतो.’’ मी पुन्हा म्हटलं. त्या पुन्हा नको म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि आता त्या शेवटचं नको म्हणून चहाकडे वळणार, एवढ्यात मातीत बोट खुपसून बसलेली मोनीरे उठली.

‘‘आई, पुरे. माणूस इतक्या मनापासून देतोय, तर घे,’’ ती म्हणाली आणि कुंडी कमरेवर घेऊन चालू लागली. तिच्यामागून सात मांजरं. दिलेली वस्तू परत कशी मागणार? मी दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी मी तुमची यादी पुरावा म्हणून घेऊन गेलो. मोनीरेने ती वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचली आणि हसत हसत पायरीवरच बसली. मग उठून तिने मला दंडाला धरून अंगणातल्या नळापाशी उभं केलं. ‘‘हा काय आहे?’’

‘‘शीर,’’ मी म्हटलं. तोंडातून शब्द गेल्यावर मला समजलं.

‘‘आणि बाकीच्या तेवीस कुंड्यांना काय घालत होतात?’’

‘‘शीरचं पाणी.’’

‘‘दुधात खडीसाखर राहिली की हो,’’ आतून तूबा खानम म्हणाल्या.

माझी बाजू अशी, की दूधही शीर आणि नळही शीर, अक्षरं तीच तीन. शुद्धलेखनाने माणसाला कुठवर वाचवावं? (सिंहालाही शीरच म्हणतात. मी सिंह शोधत फिरलो नाही, हे तुम्ही लक्षात घ्याल.)

मोनीरेने मुळं धुतली, कुजलेली कापली, फांद्या वीतभर ठेवल्या, वाळू आणि पालापाचोळ्याच्या खतात झाड नव्याने लावलं. बोटाचं पहिलं पेर कोरडं लागलं तरच पाणी. आज त्याला पाच नवे फुटवे आहेत. मी दर शुक्रवारी पाहून येतो. सोमवारी आणि बुधवारीही. तूबा खानम विचारतात, ‘‘मोगरा बघायला येतोस ना रे?’’ मी ठामपणे हो म्हणतो. त्यांना पटलेलं आहे.

तेव्हा निश्चिंत राहा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
कामबीज

ता. क. : मोगरा परत मागणं असभ्य ठरेल, याचा मी पुष्कळ विचार केला. सभ्य मार्ग एकच दिसतो. आई असती तर तिला म्हटलं असतं. तुम्ही नवरोजच्या आठवडाभर आधी या, तो तपकिरी कोट घाला, मिठाईचा डबा घ्या आणि माझ्यासाठी तूबा खानमकडे मोनीरेला मागणी घालायला चला. फुलं न्यायची गरज नाही, आपली तिथे आहेत.

ता. क. २ : मोनीरेला मी यातलं काहीच बोललेलो नाही. पण काल निघताना तूबा खानम दारातून म्हणाल्या, ‘‘खालांना लिही, मोगरा आमच्याकडून एकटा जायचा नाही.’’ मी घरी येऊन ते वाक्य लिहून काढलं. सगळी अक्षरं बरोबर आहेत. पण बरोबर अक्षरांचं काय होतं ते मी पाहिलंय. त्याबरोबर एखादं मांजर पाठवायचं, असाही अर्थ निघू शकतो. तेव्हा खालाजान, तुम्ही स्वतः येऊन विचारा. लवकर या.